उपदेश पुरे, सोबत द्या

दरवर्षी मे महिना उजाडला की आमच्या धर्मग्रामांत युवकांसाठी शिबिरे भरतात. सभागृहाला पताका लागतात, बाहेरगावाहून वक्ते येतात. 'व्यक्तिमत्त्व विकास', 'व्यसनमुक्ती', 'यशाचा मार्ग' अशा विषयांवर तीन-तीन तास व्याख्याने होतात. दुपारी भोजन, सायंकाळी आभारप्रदर्शन, एक सामूहिक छायाचित्र, आणि त्यानंतर वर्षभर शांतता. ज्या मुलांनी यायला हवे होते ती बहुधा आलेली नसतात. आली असलीच तर शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेली असतात. त्यांना कोणी काही विचारत नाही, आणि विचारलेच तर ती बोलत नाहीत. या साऱ्या खटाटोपाला आम्ही युवकांचे मार्गदर्शन असे नाव दिले आहे. हे मार्गदर्शन नव्हे, ही आमची आम्हीच करून घेतलेली समजूत आहे, असे आम्हांला स्पष्ट म्हणावयाचे आहे.

प्रश्न साधा नाही. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले, आणि राज्यांच्या यादीत आपला महाराष्ट्र सर्वांत वर होता. ही मुले कोणाच्या तरी घरातली होती, कोणाच्या तरी शाळेतली होती. त्यांना उपदेश मिळाला नसेल असे आम्हांला वाटत नाही. आपल्याकडे उपदेशाचा दुष्काळ कधीच नव्हता. दुष्काळ आहे तो ऐकणाऱ्या माणसाचा.

गेल्या वर्षी अशाच एका शिबिराच्या तयारीची बैठक चालू असता आम्ही एक सूचना मांडली. मुलांशी वर्षभर संबंध ठेवतील असे आठ-दहा प्रौढ निवडावेत, आणि मुलांची जीभ मोकळी व्हावी म्हणून प्रशिक्षित उपचारसाथी श्वान, ज्याला आज सर्वत्र 'थेरपी डॉग' म्हणतात, तो बाळगणाऱ्या जाणकारांची मदत घ्यावी, एवढीच ती सूचना होती. सभेत हशा पिकला. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "आता आपल्या पोरांना कुत्रे शहाणपण शिकवणार काय?" पुन्हा हशा झाला आणि विषय तेथेच संपला. हसणाऱ्यांवर आमचा राग नाही. ती सारी आपलीच माणसे आहेत. परंतु त्या हशाला उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट ही की, हा हशा जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेव्हिन्सन नावाचे एक बालमानसशास्त्रज्ञ होते. कोणाशीही न बोलणाऱ्या, स्वतःतच मिटून गेलेल्या एका मुलाला घेऊन त्याची आई एके दिवशी ठरलेल्या वेळेच्या आधीच त्यांच्याकडे येऊन पोचली. लेव्हिन्सन यांचा 'जिंगल्स' नावाचा कुत्रा तेव्हा खोलीतच होता. तो धावत त्या मुलाकडे गेला आणि त्याला चाटू लागला. मुलगा भ्याला नाही. त्याने कुत्र्याला जवळ घेतले, आणि निघताना, या कुत्र्याशी खेळायला मला पुन्हा यायचे आहे, अशी इच्छा दाखवली. पुढच्या काही भेटींत तो केवळ जिंगल्सशी खेळला. नंतर हळूहळू त्या खेळात त्याने डॉक्टरांनाही सामील करून घेतले. खरा उपचार तेथून सुरू झाला. १९६१ साली लेव्हिन्सन यांनी हा अनुभव अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडला तेव्हा श्रोत्यांमधून थट्टेचे उद्गार निघाले. तुमच्या फीमधला किती हिस्सा तुम्ही कुत्र्याला देता, असेही त्यांना विचारले गेले. त्यांनी १९६२ साली आपला निबंध छापला आणि १९६९ साली त्या विषयावर ग्रंथ लिहिला. पुढे १९७० च्या दशकात ओहायो राज्य विद्यापीठात सॅम्युएल व एलिझाबेथ कॉर्सन या दांपत्याला असाच अनुभव आला. मनोरुग्णालयातील जे तरुण रुग्ण डॉक्टरांशी चकार शब्द बोलत नव्हते, ते प्रयोगशाळेतील कुत्र्यांचे भुंकणे ऐकून, आम्हांला त्यांच्याशी खेळू द्या, असे म्हणू लागले. ज्या विद्वान सभेत हशा पिकला होता, तिच्याच शास्त्रात आज या उपचाराला स्थान मिळाले आहे. आमच्या बैठकीतील गृहस्थांना आम्ही इतकेच सांगू इच्छितो की, आपल्या आधी मोठमोठे लोक हसून गेले आहेत.

येथे शब्दांचा घोळ होऊ नये. थेरपी डॉग म्हणजे अंगणात बांधलेला राखणीचा कुत्रा नव्हे. अंधांना वाट दाखवणारा कुत्राही नव्हे. तो एकाच व्यक्तीच्या सेवेसाठी तयार केलेला असतो. थेरपी डॉग हा अनेकांना भेटणारा शांत स्वभावाचा कुत्रा असतो. अनोळखी माणसाने अंगावर हात टाकला, एखादे भांडे दाणकन पडले, शेजारून कुबड्या टेकीत कोणी गेले, तरी तो बिथरत नाही ना, हे आधी पारखून घेतात. त्याला सांभाळणारी प्रशिक्षित व्यक्ती सदैव त्याच्या सोबत असते. अमेरिकेतील 'पेट पार्टनर्स' या संस्थेच्या नियमांनुसार कुत्रा निदान एक वर्षाचा असावा लागतो आणि एका दिवसात दोन तासांहून अधिक काळ त्याच्याकडून हे काम करून घेता येत नाही. हा गंभीरपणे करावयाचा व्यवहार आहे, मुलांच्या करमणुकीसाठी आणलेला तमाशा नव्हे.

आणि तो प्रत्यक्षात घडतो कसा? समजा, चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा आहे. शाळेत नापास झालेला, घरात रोज बोलणी खाणारा, मोठ्या माणसाच्या सावलीचाही त्याला कंटाळा आलेला. त्याला एखाद्या सज्जन प्रौढासमोर खुर्चीवर बसवले की तो गप्प होतो. समोरासमोर बसणे ही त्याच्या अनुभवाने चौकशीची बैठक असते. परंतु त्याच दोघांच्या मध्ये एक कुत्रा आडवा पडलेला असेल आणि मुलाच्या हातात ब्रश दिलेला असेल, तर दोघांचीही नजर कुत्र्यावर असते. हात कामात असतात. बोलले नाही तरी अवघडल्यासारखे होत नाही. मग मुलगाच विचारतो, "याला कधी राग येतो का?" "याला एकटे ठेवले तर हा काय करतो?" "याच्या पहिल्या मालकाने याला का सोडले?" ज्याला कान आहेत त्याला समजते की, हे प्रश्न केवळ कुत्र्याविषयीचे नाहीत. प्रौढाने घाई केली नाही, तर तिसऱ्या-चौथ्या भेटीत तो मुलगा स्वतःविषयी बोलू लागतो.

दुसरेही एक शिक्षण तेथे घडत असते. कुत्र्याला 'बस' म्हणावयाचे तर आवाज शांत आणि स्थिर हवा. ओरडले तर तो गोंधळतो, मारले तर भितो, आणि आज एक व उद्या दुसरे सांगितले तर काहीच शिकत नाही. ज्या मुलाने आयुष्यभर आरडाओरडाच ऐकला, तो येथे प्रथमच अनुभवतो की, हळू बोलूनही आपले ऐकले जाते. त्याने कुत्र्याला चुचकारले, योग्य क्षणी बक्षीस दिले, चूक झाली तेव्हा धीर धरला, तर कुत्रा शिकतो. हा धडा शंभर व्याख्यानांनी मिळत नाही. आमच्यासारख्या आईबापांनीही तो गिरवावा असाच आहे.

हे सारे भावनेचे बोलणे आहे असे कोणी म्हणेल, म्हणून मोजमापाचेही सांगतो. १९८३ साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, शेजारी कुत्रा असताना मूल मोठ्याने वाचू लागले तर त्याचा रक्तदाब एरवीपेक्षा कमी राहतो. २०११ मध्ये आंद्रेआ बीट्झ यांच्या संशोधक गटाने एक अधिक बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मुलग्यांचा मोठ्या माणसांवरचा विश्वास लहानपणीच डळमळीत झाला होता, त्यांना परक्यांसमोर गोष्ट सांगणे आणि तोंडी गणित करणे असे ताणाचे काम देण्यात आले. काहींच्या सोबतीला जिवंत कुत्रा, काहींच्या सोबतीला स्नेहाने वागणारी व्यक्ती, तर काहींच्या हाती कापडी कुत्रा. ताण वाढला की शरीरात 'कॉर्टिसॉल' नावाचे द्रव्य वाढते. ते लाळेतून मोजले. जिवंत कुत्र्याच्या सोबतीत ते सर्वांत कमी राहिले, आणि मुलाने कुत्र्याला जितके अधिक कुरवाळले तितके ते कमी झाले. वाचकहो, या निष्कर्षाने आम्ही अंतर्मुख झालो. मायेने वागणारा माणूस शेजारी असूनही त्या मुलांचा ताण तितका उतरला नाही. याचा अर्थ माणूस निरुपयोगी असा नव्हे. ज्या मुलाला माणसाने दुखावले आहे, त्याला माणसाच्या मायेवर विश्वास बसायला वेळ लागतो, असा त्याचा अर्थ. कुत्रा तो वेळ मिळवून देतो.

१९९९ साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे वाचनात मागे पडलेल्या मुलांना कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवावयास बसवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याचे मर्मही हेच आहे. कुत्रा उच्चार सुधारत नाही, हसत नाही, शेजारच्या मुलाशी तुलना करीत नाही. आमच्या घरांत असा श्रोता किती मुलांना मिळतो?

आता ज्या उदाहरणाने आम्ही सर्वांत अधिक प्रभावित झालो त्याकडे वळू. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात वुडबर्न गावी मॅक्लारेन नावाची बालगुन्हेगारांची बंदिस्त सुधारसंस्था आहे. तेथे शिक्षणाचे काम पाहणाऱ्या जोन डाल्टन यांनी १९९३ साली एक उपक्रम आरंभला. मालकांनी टाकून दिलेले, कोणालाही नकोसे झालेले कुत्रे आणायचे आणि समाजाला नकोशा झालेल्या या मुलांच्या हाती सोपवायचे. मुलांनी त्यांना खाऊ घालावे, त्यांची जागा झाडावी, त्यांना न्हाऊ घालावे, शिस्त लावावी आणि माणसांत राहण्याजोगे करावे. कुत्रा तयार झाला की एखादे कुटुंब त्याला दत्तक घेई आणि मुलाला त्याचा निरोप घ्यावा लागे. काटेकोरपणे पाहता हे थेरपी डॉग नव्हेत, कारण येथे शिकणारा कुत्राच होता. परंतु उपचार कोणाचा झाला हे सांगायला नको. ज्या मुलाला आजवर केवळ शिक्षा आणि दया या दोनच गोष्टी मिळाल्या होत्या, त्याच्यावर कोणीतरी अवलंबून राहू लागले. आपण नसलो तर कोणी उपाशी राहील, ही जाणीव त्याला माणूस बनवते. आणि जिवापाड जपलेले दुसऱ्याच्या सुखासाठी सोडून देणे, हे तर आम्हां प्रौढांनाही कुठे जमते?

त्याआधी बारा वर्षे, १९८१ साली, वॉशिंग्टन राज्यातील गिग हार्बर गावानजीकच्या स्त्रियांच्या तुरुंगात असेच कार्य सुरू झाले होते. ते सुरू करणारी स्त्री म्हणजे पुढे डॉमिनिकन धर्मभगिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या सिस्टर पॉलिन क्विन. त्यांचे कौमार्य फार हालअपेष्टांत गेले होते. घरातून पळालेली, संस्थांमधून कोंडली गेलेली, अत्याचार सोसलेली, रस्त्यावर राहिलेली ती मुलगी माणसांकडे मान वर करून पाहू शकत नव्हती. 'जोनी' नावाची एक जर्मन शेफर्ड कुत्री तिला मिळाली आणि तिच्यासोबत चालता चालता तिचा आत्मविश्वास परतला. जे स्वतःला लाभले ते इतरांना द्यावे म्हणून पशुवैद्यक महाविद्यालयाचे अधिष्ठाता लिओ बुस्टॅड यांच्या साह्याने तिने तुरुंगाचे दार ठोठावले. कैदी स्त्रिया बेवारशी कुत्र्यांना अपंगांच्या सेवेसाठी शिकवू लागल्या. तेथून हे कार्य इतर अनेक तुरुंगांत पसरले. सिस्टर पॉलिन २०२० साली निवर्तल्या. ज्यांना हे सारे श्रीमंत देशांतील लाडाचे चोचले वाटतात, त्यांनी हे ध्यानी घ्यावे की, हे कार्य टाकलेल्या माणसांतून आणि टाकलेल्या जनावरांतून उभे राहिले. त्याचा पाया संपत्तीने घातलेला नाही.

आपल्याकडेही हे अगदीच अपरिचित नाही. मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांनी उभारलेल्या 'अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन' या संस्थेने मुंबई-पुण्याकडे विशेष मुलांच्या शाळांतून हे काम रुजवले. १९९१ साली हाँगकाँगमध्ये जिल रॉबिन्सन यांनी 'डॉक्टर डॉग' हा उपक्रम सुरू केला. तो पुढे चेन्नईच्या 'ब्लू क्रॉस' संस्थेनेही हाती घेतला. तेव्हा हे आपल्या मातीत रुजणार नाही, हा आक्षेप टिकत नाही.

परंतु काही आक्षेप टिकणारे आहेत आणि त्यांना टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप भीतीचा. आपल्या वाड्यांतून, गल्ल्यांतून भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या फिरतात. ज्या मातेच्या लेकराला कुत्रा चावला आहे तिच्यापुढे कुत्र्याचे गुणगान करणे क्रूरपणाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू एकट्या भारतात होतात. चावा लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ लस घेतली पाहिजे, हे प्रत्येक घरात ठाऊक असावे. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत तो कुत्रा लसी दिलेला, वैद्याने तपासलेला आणि सांभाळणाऱ्याच्या हाती असलेला कुत्रा आहे. तरीही ज्या मुलाला कुत्र्याची भीती वाटते, ज्याला त्याच्या केसांनी दम लागतो, त्याच्यावर ही सोबत लादू नये. त्याच्यासाठी बाग आहे, सुतारकाम आहे, वाद्य आहे. हातांना काम आणि नजरेला विसावा देणारे दुसरे काहीही चालेल.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे आणि तो आम्ही आदराने ऐकतो. माणसे उपाशी असता जनावरांवर पैसा का खर्चावा? १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसृत केलेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की, मानवी दैन्य दूर करण्यासाठी जो पैसा प्रथम लागतो तो प्राण्यांवर उधळणे योग्य नव्हे, आणि जे प्रेम केवळ माणसालाच द्यावयाचे ते प्राण्याला देऊ नये. हे आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. परंतु त्याच ठिकाणी तो ग्रंथ प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे ठरवतो, आणि असिसीचे संत फ्रान्सिस व संत फिलिप नेरी यांच्या प्राण्यांशी असलेल्या मृदू वागण्याचे स्मरण करून देतो. येथे माणसाचे प्रेम कुत्र्याकडे वळवण्याचा प्रश्नच नाही. माणसाकडे पाठ फिरवलेल्या मुलाला माणसाकडे परत आणण्याचा हा प्रश्न आहे. ज्या उपक्रमाच्या शेवटी मुलगा केवळ कुत्र्याशीच बोलतो तो फसला असे आम्हीही म्हणू.

तिसरा आक्षेप जाणकारांचा. या विषयावरील पुष्कळ अभ्यास लहान गटांवर झाले आहेत. कुत्रा म्हणजे रामबाण औषध नव्हे. हेही खरे. खोल नैराश्यात सापडलेल्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञाचीच गरज असते, आणि कुत्रा आणला म्हणून ती भागत नाही. शिवाय कुत्र्यालाही जीव आहे. तो वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला, तर तो थकला किंवा त्रासला आहे असे समजून त्याला विश्रांती दिली पाहिजे. दुबळ्या जिवाची खूण ओळखून थांबणे, हेही मुलाने पाहावे असेच शिक्षण आहे.

आता ज्या आक्षेपाची आम्हांला सर्वाधिक धास्ती आहे तो कोणी घेतलेलाच नाही. म्हणून तो आम्हीच घेतो. उद्या आमची सूचना एखाद्या धर्मग्रामाने मान्य केली तर काय होईल? शिबिराच्या दिवशी एक सुंदर कुत्रा येईल, मुले त्याच्याभोवती गराडा घालतील, छायाचित्रे निघतील, आणि दुसऱ्या दिवशी कुत्राही नाही आणि माणूसही नाही. असे होणार असेल तर आमची सूचना आम्ही आजच मागे घेतो. कारण त्यात हित तर नाहीच, उलट अपाय आहे.

हे आम्ही तर्काने म्हणत नाही. १९०४ साली न्यूयॉर्कमधील न्यायालयातील एक कर्मचारी अर्नेस्ट कुल्टर यांच्या आवाहनातून एकेका भरकटलेल्या मुलामागे एकेक प्रौढ मित्र उभा करण्याची चळवळ सुरू झाली. तीच पुढे 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' म्हणून प्रसिद्धीस आली. १९९५ साली तिचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला तो ९५९ मुलामुलींचा होता. ज्यांना असा प्रौढ मित्र मिळाला, त्यांच्यात अमली पदार्थांना प्रथम हात लावण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु २००२ साली जीन ग्रॉसमन व जीन ऱ्होड्स यांनी त्याच माहितीचा पुन्हा अभ्यास केला तेव्हा दुसरी बाजू उजेडात आली. ज्या जोड्या वर्षभर किंवा अधिक टिकल्या त्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झाला, आणि ज्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या त्यांतील मुलांचा स्वतःविषयीचा विश्वास पूर्वीपेक्षाही खालावला. आधीच सोडून दिल्या गेलेल्या मुलाला आणखी एक माणूस सोडून गेला, एवढेच त्याला शिकायला मिळाले. आमची एकदिवसीय शिबिरे, हौशीने सुरू होऊन पावसाळ्यात विरणारी आमची युवा मंडळे, दर वर्षी बदलणारे आमचे मार्गदर्शक; या सर्वांचा हिशेब या एका निष्कर्षापुढे मांडून पाहावा.

कुत्रा दार उघडतो. उघडलेल्या दारातून आत जाणे आणि आत बसून राहणे हे माणसाचेच काम आहे. पुढल्या शनिवारी त्याच वेळेला, त्याच जागी येणे. मुलगा आला नाही तरी येणे. तो उर्मट बोलला तरी त्याच्यानंतरच्या शनिवारी पुन्हा येणे. यात काही विद्वत्ता लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि नेमकी तीच आमच्यापाशी नाही. आम्हांला व्याख्यान परवडते, कारण ते तासाभरात संपते.

ही शिकवण परदेशी शास्त्रज्ञांनीच आम्हांला द्यावी याचे खरोखर नवल वाटते. संत डॉन बॉस्को यांनी तूरिन शहरातील रस्त्यावरच्या मुलांसाठी आपले आयुष्य वेचले. मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, आपल्यावर प्रेम केले जात आहे हे मुलांना जाणवले पाहिजे, हे त्यांच्या १८८४ सालच्या प्रसिद्ध पत्राचे सार आहे. ते मुलांत खेळत, मैदानावर त्यांच्यासोबत असत. त्याच डॉन बॉस्कोंनी आपल्या आठवणींत 'ग्रिजो' या करड्या रंगाच्या मोठ्या कुत्र्याविषयी लिहून ठेवले आहे. अंधाऱ्या वाटेवर तो कोठूनसा येई आणि त्यांना सुखरूप घरी पोचवी. एका रात्री तर तो दारात आडवा पडला आणि त्यांना बाहेर जाऊ देईना. निदान कुत्र्याचे तरी ऐक, असे आई मार्गारेटने मुलाला बजावले. थोड्याच वेळात शेजारी धोक्याची वार्ता घेऊन आला. आपण ही कथा धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना कौतुकाने सांगतो, आणि बैठकीत कुत्र्याचे नाव निघाले की हसतो.

आणि टोबीतचे पुस्तक तर आपल्या बायबलमध्येच आहे. तरुण टोबियास आयुष्यातल्या पहिल्या दूरच्या प्रवासाला निघतो. अंध पित्याच्या सांगण्यावरून त्याने स्वतःच वाटाड्या शोधला आहे. तो राफाएल देवदूत आहे हे कोणालाच ठाऊक नाही. आणि त्या दोघांसोबत मुलाचा कुत्राही निघाला, असे तेथे सांगितले आहे. परतीच्या वाटेवर पुन्हा त्या कुत्र्याचा उल्लेख येतो. त्याने मधल्या काळात काही पराक्रम केल्याचे लिहिलेले नाही. तो सोबत गेला आणि सोबत परतला. राफाएलनेही त्या तरुणाला घरी बसून प्रवासावर प्रवचन दिले नाही. तो साऱ्या वाटेने त्याच्याबरोबर चालला, नदीकाठी मासा अंगावर आला तेव्हा काय करावे ते तेथेच सांगितले, आणि त्याला बापाच्या दारापर्यंत परत आणून पोचवले.

म्हणून आमचे मागणे अगदी थोडे आहे. येत्या मे महिन्यात आपल्या धर्मग्रामातील शिबिराचा अर्धा खर्च वाचवावा. त्या पैशातून, वर्षभर दर आठवड्याला एकाच मुलाला वेळ देण्याचे वचन देणारे प्रौढ तयार करावेत. मग ते दहाच्या जागी तीनच मिळाले तरी चालेल. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पाळून, आईवडिलांच्या संमतीने, उघड्यावर सर्वांच्या नजरेत या भेटी व्हाव्यात. जेथे जाणकार संस्था आणि पारखलेला कुत्रा उपलब्ध असेल, तेथे त्याची सोबत न लाजता घ्यावी. जेथे तो नसेल, तेथेही माणसाने यावेच. आणि ज्या घरात मुलाने आधीच एखादे कुत्र्याचे पिल्लू उचलून आणले आहे, तेथील आईबापांनी त्याला हाकलण्यापूर्वी क्षणभर थांबावे, पिल्लाला लस टोचून घ्यावी, आणि संध्याकाळी त्या दोघांच्या शेजारी काही न विचारता बसून पाहावे.

आमच्या त्या बैठकीतील वडीलधाऱ्या गृहस्थांना आम्ही पुन्हा भेटणार आहोत. त्यांचा नातू गेल्या शिबिरात शेवटच्या बाकावर बसलेला होता. त्याच्याशी वर्षभरात कोण कोण बोलले, एवढेच आम्हांला त्यांना विचारावयाचे आहे.